धाकटीचं समुद्रस्नान

आमच्या घरात समुद्र पाहिला धाकट्या जावेने, आणि पाय धुवावे लागले मला.

तेव्हा चंद्रपूरला चांदाच म्हणायचे. चांद्याचा एक लाकडाचा ठेकेदार बायकापोरांसह मद्रासकडे, समुद्रकाठच्या मोठ्या हॉटेलात राहायला निघाला होता. लेकरू सांभाळायला त्यांना बाई हवी होती. आधी नाव माझंच निघालं. पण सासूबाई म्हणाल्या, "मोठी गेली त मासे कोण विकन?" बाजारात टोपली रिकामी केल्याशिवाय मी उठत नसे. माझा गुण माझ्याच मुळावर आला. धाकटीला भाव करता येत नव्हता, म्हणून ती गेली.

परत आली तेव्हा अंगणभर बायका जमल्या. आपल्या गावात घरं नाहीत तेवढ्या म्हणे तिथे खोल्या. गादी इतकी मऊ की झोपच येईना. नळ फिरवला की ऊन पाणी. आणि मासा ताटात यायचा तो काटे काढून! आम्ही तलावातले मासे धरणारी माणसं, पण काटे काढून वाढलेला मासा मी बापजन्मात पाहिला नव्हता. माझा नुसता जळफळाट झाला.

तेवढ्यात सासूबाईंनी विचारलं, "समुद्रात न्हाली का वं?"

सगळ्या बायकांसमोर तिने मान डोलावली. झालं! समुद्रात साऱ्या नद्या येतात, म्हणजे ही तीर्थ करूनच आली. तीर्थाहून आलेल्याचे पाय घरच्यांनी धुवायचे, ही आमची रीत. त्या दिवशी घरात ताजे मासे असून वरण-भात शिजला, आणि पितळेची परात माझ्या हाती आली.

मोठी जाऊ धाकटीचे पाय धुते आहे, हे अख्खी आळी बघत होती. मी तिची टाच अशी घासली की ती कळवळली. मग वाकून माझ्या कानाशी म्हणाली, "बाई, नोको धुवू माये पाय. पाप लागन मले. मी समुद्रात गेलीच नाई. लेकराले ताप होता, खोलीतच बसून राह्यली. खिडकीतून पाह्यला."

एक हाक मारली असती तर सगळ्यांसमोर तिची फजिती झाली असती आणि माझी परात सुटली असती. मी तोंड उघडलंही. पण बाहेर पडलं ते एवढंच, "खिडकी केवढी होती?"

"आपल्या दारापेक्षा मोठी."

मी तिचा दुसरा पाय परातीत ओढला आणि तो पहिल्यापेक्षा जोरात घासला.