सात आठवड्यांचा कन्नड क्लास

मी सात आठवडे रोज निपाणीहून बेळगावला कन्नड शिकायला जात होतो, असं आमच्या गल्लीत काही जण अजूनही मानतात. मला कन्नड येत नाही. प्रोस्टेटचा कॅन्सर मात्र बराच आटोक्यात आहे.

(प्रोस्टेट म्हणजे पुरुषाच्या मूत्राशयाखालची अक्रोडाएवढी ग्रंथी. चोपन्न वर्षं ती माझ्याबरोबर राहिली आणि मला तिचं नावही माहीत नव्हतं. इतकं मुकाट आमच्या घरात फक्त मीच राहतो.)

आजार हृदयाला झाला असता तर मी सांगत फिरलो असतो. हृदयाच्या आजाराला एक मान असतो. लोक सफरचंदं घेऊन भेटायला येतात. माझा आजार निघाला भलत्याच ठिकाणी! त्यात मेघाचं, आमच्या एकुलत्या एका मुलीचं, बोरगावच्या एका घराशी बोलणं चाललेलं. मुलगा तिला पसंत होता, तीही त्याला पसंत होती. फक्त थोरामोठ्यांची बैठक व्हायची राहिली होती. माझे रिपोर्ट आले त्या दिवशी माझे थोरले बंधू, अण्णा, घरी आले आणि त्यांनी आधी दार लावून घेतलं.

"हे बघ, पोरीचं जमंस्तोवर तोंडातनं ब्र काढायचा न्हाय. बापाला कॅन्सर म्हटलं की पावणं चा न पिता उठत्यात."

"मग रोज बेळगावला कशाला जातोय म्हणून सांगू?"

अण्णांनी अर्धा मिनिट छताकडे बघितलं. "कन्नडची परीक्षा हाय म्हणून सांग. पतसंस्थेत सक्तीची केलीया."

मी पतसंस्थेत कारकून. आमच्याकडे मॅनेजरपासून शिपायापर्यंत सगळा कारभार मराठीत चालतो, त्यामुळे माझ्यावाचून कन्नडचं आणि कन्नडवाचून माझं कधी अडलं नव्हतं. पण सीमाभागात ह्या थापेला तोड नाही. कन्नडची सक्ती म्हटलं की माणूस पुढचा प्रश्न विचारत नाही, नुसता सुस्कारा टाकतो. शेजारच्यांनी तर मला हात धरून धीर दिला. तेवढा धीर कॅन्सरलाही मिळाला नसता!

रोज सकाळची बस. दवाखान्यात गेलं की लिटरभर पाणी प्यायचं, मूत्राशय गच्च भरू द्यायचं आणि मग मशिनखाली दगडासारखं पडून राहायचं. मशिन बिघडलं की बाहेरच्या बाकावर आम्ही पाचसहा भरलेले पुरुष, पाय जुळवून, एकमेकांकडे न बघता बसलेले असायचो. कुणी विनोद केला तर त्याला दम दिला जाई. परतीचा कंडक्टर तर मला चांगलाच ओळखू लागला होता. संकेश्वरचा स्टँड आला की न विचारता म्हणायचा, "सर, जाऊन या. थांबवतो."

रेडिएशन संपलं, पण दर तीन महिन्यांनी पोटात हार्मोनचं इंजेक्शन चालू राहिलं. ह्या कॅन्सरचं खाणं म्हणजे पुरुषी हार्मोन, म्हणून तेच तोडायचं, असं डॉक्टर म्हणाले. ते तुटल्यावर मानेपासून एक भट्टी पेटायची, डोक्यापर्यंत चढायची, शर्ट भिजायचा आणि दोन मिनिटांत थंडी वाजायची. शिवाय रडू! शेजारच्या म्हशीला रेडकू झालं, मी रडलो. केबल गेली, मी रडलो. केबल आली, तेव्हाही रडलो.

आता जे सांगायचं मी इतकी वर्षं टाळत आलो ते सांगतो. शालनला, म्हणजे माझ्या बायकोला, पाळी जाताना चार वर्षं हेच होत होतं. ती जानेवारीत फॅन लावायची आणि मी उठून बंद करायचो. "नाटकं करू नकोस," म्हणायचो. एकदा जेवायला आलेल्या पाहुण्यांसमोर "आमच्या हिला बारा महिने मे महिना असतो" असं म्हणून हशा मिळवला होता. तिनं मान खाली घालून आमटी वाढली होती. मला पहिली भट्टी पेटली तेव्हा शालन जागीच होती. उठली आणि फॅन लावून परत झोपली. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

तर, एका रविवारी सकाळी बोरगावचे पाहुणे आले. मुलगा, त्याचे मितभाषी वडील, भारदस्त आई आणि गोकाककडचे मामा. हे मामा निवृत्त कन्नड मास्तर निघाले! मी मनात म्हटलं, गप्प बसायचं. त्यात माझा हातखंडा आहे. पण अण्णांचा नाही.

"आमचा धाकटा बघा," अण्णांनी माझ्या पाठीवर थाप मारली, "ह्या वयात कन्नड शिकला! सात आठवडे रोज बेळगाव!"

मामांचा चेहरा उजळला. ते अख्खेच्या अख्खे माझ्याकडे वळले आणि कन्नड सुरू झालं. मला कन्नडचा एकच शब्द खात्रीनं येतो. हौदरी, म्हणजे होय जी. बिनधोक शब्द आहे, अशी माझी समजूत होती.

मामांनी एक लांबलचक वाक्य टाकलं.

"हौदरी," मी म्हणालो.

मामा थोडे गंभीर झाले. दुसरं वाक्य आलं. नेमकी तेव्हाच मानेपाशी भट्टी पेटली.

"हौदरी." घाम नाकाच्या शेंड्यावरून टपकायला लागला.

मामा माझ्या कानाशी वाकले आणि हळू आवाजात, फार मायेनं, तिसरं काहीतरी विचारलं. त्या मायेनंच घात केला. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं.

"हौदरी," मी हुंदका दिला.

मामा ताडकन उठले. "दाजी, चला! पोरीला ह्ये स्थळ पसंत न्हाय. जबरदस्ती चाललीया तिच्यावर. म्या तीनदा विचारलं, बाप सोता हो म्हणालाय, रडून!"

पोह्यांचा ट्रे घेऊन मेघा दारातच उभी होती. तिचं कन्नड चांगलं आहे. "आप्पा! मामांनी काय विचारलं ते कळालं तरी काय तुमास्नी?"

मी अण्णांकडे बघितलं. अण्णा छताकडे बघत होते. "त्याला उष्णतेचा त्रास हाय," ते छताला म्हणाले.

एवढं पुरेसं नव्हतं म्हणून की काय, मला लागली! रेडिएशननंतर ती लागते म्हणजे वाट बघत नाही. मी उठलो. अण्णांनी दंड धरला.

"बस रं! कुठं चाललास?"

"सोडा अण्णा, जाऊ द्या मला."

"बघा, तोंड चुकवून पळायलेत!" मामा म्हणाले.

"पोरीचं बोलणं चाललंय आणि तू—"

"लघवीला!" मी ओरडलो. बहुधा गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू गेलं असावं.

तो एक शब्द बाहेर पडल्यावर बाकीचे आपोआप आले. "मला प्रोस्टेटचा कॅन्सर झालता. बेळगावला रेडिएशन घ्यायला जात होतो, क्लास नव्हता. कन्नड येत न्हाय. घाम आणि रडू इंजेक्शनचं हाय. मेघाला स्थळ लई पसंत हाय. लपवलं ती चूक माझी, पोरीची न्हाय. आता जाऊ?"

कुणी नको म्हणालं नाही.

आत मी गरजेपेक्षा बराच जास्त वेळ काढला. पाहुण्यांची गाडी सुरू झाल्याचा आवाज आला की बाहेर पडायचं, असं ठरवलं. चोपन्नाव्या वर्षी पोरीचं जमलेलं मोडलं आणि आपण कडी लावून बसलोय, एवढाच विचार डोक्यात होता. गाडी काही सुरू होईना. शेवटी कडी काढली. समोर मुलाची आई, कमरेवर हात ठेवून.

"भट्टी कुठनं चढती? छातीतनं का मानंतनं?"

"मानंतनं."

"आणि मागनं थंडी?"

"लगीच."

"माझं तीन वर्षं ह्येच चाललंय. आमच्या घरात कुणाला पटंना! या, आत बसा."

मला स्वयंपाकघरात स्टुलावर बसवण्यात आलं. रात्री ओला टॉवेल उशाला ठेवायचा, तिखट कमी करायचं, सुती बनियन घालायचा, सगळं त्यांनी मला बोटं मोजून सांगितलं. मग शालनकडे वळून म्हणाल्या, "तुमचं मालक तरी समजून घेत्यात का ओ?"

शालननं चहा गाळता गाळता उत्तर दिलं, "घेत्यात की. इंजेक्शन घेतल्यापासनं."

मेघा ओट्याला धरून हसली. मी स्टुलावर आणखी थोडा लहान झालो.

अण्णांनी दारातून डोकं आत घातलं. "मग, त्या कॅन्सरचं काय म्हणता?"

"त्यो बरा होतोय की," मुलाची आई म्हणाली. "लपवलासा त्याचा राग हाय. त्यो मानपानात काढू."

बाहेरून मुलाच्या वडिलांचं त्या दिवसातलं पहिलं वाक्य आलं. "म्हणजे जमलं न्हवं?"

"जमलं! पर मुहूर्त थंडीतला बघा. आमा दोघांस्नी उन्हाळा सोसत न्हाय."

दोघांस्नी म्हणजे त्या आणि मी!

पाहुणे गेल्यावर मी शालनपाशी गेलो. ती कपबशा विसळत होती. "शालन, त्या चार वर्षांत मी तुला लई..." पुढं बोलता येईना. डोळे वाहायला लागले.

तिनं वळून माझ्याकडे नीट बघितलं. "ह्ये रडू तुमचं हाय का इंजेक्शनचं?"

"मला न्हाय माहीत," मी खरं ते सांगितलं.

"मग इंजेक्शन उतरल्यावर म्हणा. तवा ऐकते."

डॉक्टरांनी इंजेक्शन अजून दीड वर्ष सांगितलंय. तेवढी वाट बघायची माझी हिंमत नाही, म्हणून हे सगळं लिहून काढलं आणि काल तिच्या हातात दिलं. म्हटलं, वाच, कोरड्या डोळ्यांनी लिहिलंय. तिनं शेवटपर्यंत वाचलं आणि पाहुणे, हशा आणि आमटीच्या ओळीवर बोट ठेवलं.

"हितं शाई कशी फुटलीया?"

"घाम पडला असंल," मी म्हणालो. बाहेर गारठा होता आणि मी स्वेटर घालून, वर कानटोपी चढवून बसलो होतो.