अनाम बाईचा आवाज

माझा धाकटा भाऊ टेनर आहे, म्हणजे पुरुषांच्या उंच आवाजात गाणारा गवई. युरोपात तो चारशे-पाचशे वर्षांपूर्वीची गाणी गातो आणि काल-परवा लिहिलेलीही. आमच्या गावात, मंठाळात, हे समजावून सांगता सांगता आमच्या वडिलांच्या, अप्पांच्या नाकी नऊ यायचे. शेवटी ते म्हणायचे, "चर्चात गायलाय तिकडं, पर पोरगं आपल्याच भीमजयंतीत तयार झालंय."

बिदरच्या मिशनच्या हॉस्टेलात गायनाच्या सरांनी त्याला चार आवाजांच्या गाण्यात टेनरला उभं केलं. तसल्या गाण्याची मुख्य चाल बहुतेक बायकांकडे असते, टेनर तिला खालून आधार देतो. सुट्टीत घरी आला की तो आपला तेवढाच भाग घोटायचा, तोही लॅटिनमध्ये. बाकीचे तीन आवाज आम्ही कधी ऐकलेच नाहीत. आमच्या घरात तो आधार म्हणजेच गाणं होतं. शब्द कळत नव्हते, म्हणून मी माझे घातले. मी शाळेत बाई आहे, पण रविवारी रानात खुरपायला जाते. तिथं मी म्हणायची, ‘तूर आली फुलावर, पाखरं हाकलायला कोण?’

तीन वर्षांपूर्वी आला तेव्हा तो बांधावर मोबाईल धरून बसला. "अक्का, म्हण की ते. तिकडं एकटं वाटायलं की ऐकतो." मला भरून आलं. मी खुरपं खाली न ठेवता म्हटलं.

गेल्या वर्षी कलबुर्गीत त्याचा कार्यक्रम होता. तिकडच्या एका संगीतकार बाईंनी त्याच्यासाठी नवं गाणं लिहिलं होतं. मी इस्त्रीची साडी नेसून दुसऱ्या रांगेत बसले. दिवे मंद झाले आणि स्पीकरमधून माझा आवाज आला. खुरप्याची खरखरसुद्धा. त्यावर हळूच त्याचा आवाज चढला. खोटं कशाला बोलू, सुंदर झालं होतं. मी हातातलं कानडी पत्रक उघडलं. त्यात लिहिलं होतं, ‘सीमाभागातील एका अनाम शेतमजूर स्त्रीचं पारंपरिक गीत.’

कार्यक्रम संपल्यावर एक प्राध्यापक उठून म्हणाले, ही चाल या मातीत शेकडो वर्षं मुरलेली आहे. चाल कुठली, तर युरोपातली, तीही नुसत्या आधाराची! मला हसू फुटणार होतं. पण भाऊ हात जोडून मान डोलवत होता, आणि हसू तिथंच विरलं. ज्या पोराला मी कडेवर घेऊन फिरले, त्याने मला अनाम करून टाकलं होतं.

बाहेर चहाच्या गाड्यावर त्याला गाठलं. "माझं नाव कामून घातला न्हाईस?"

"नाव घातलं की लोकगीत ऱ्हात न्हाई अक्का. शाळेतल्या बाईनं माझ्याच पार्टावर शब्द बसिवलेत म्हणून कळलं तर सगळंच ढासळतंय. तू उगं मनाला लावून घ्यायलीस."

"आन् एकटं वाटायलं म्हणून ऐकतो म्हटला होतास, ते?"

"ऐकत होतो की. एकदा त्या बाईंनी बी ऐकलं."

त्याने माझा चहा स्वतःच्या हाताने मला दिला. मी तो तसाच गाड्यावर ठेवला आणि बसस्टँडकडे निघाले. राग आला होता, अजूनही आहे. रानात बायका म्हणतात, बाई, म्हणा की तुमचं तुरीचं. मी म्हणते, घसा धरलाय.

मागच्या महिन्यात त्याचा फोन आला. त्या गाण्याचं आता मोठं रेकॉर्डिंग व्हायचं आहे. "अक्का, त्याचं दुसरं कडवं असंल की. म्हणून पाठव ना."

दुसरं कडवं आहे. तो पहिल्यांदा विमानात बसला, त्या दिवशी मी रानात एकटी होते, तेव्हा रचलं होतं. त्यात तो आहे, त्याच्या नावासकट.

"न्हाई रे," मी म्हटलं. "तेवढंच होतं."