काकांच्या बंदराचं साल

पारोळ्याच्या स्टँडवर उतरले, तेव्हा कुठूनतरी भाजलेल्या वांग्यांचा वास येत होता. धुळ्यापासून इथपर्यंत रस्त्याच्या दोन्ही अंगांना कापूस फुटलेला. पण या वेळी मी भरीत खायला आले नव्हते. मावशीने फोनवर एवढंच सांगितलं होतं, "तुना काकाना फोटो उतारी ऱ्हायनात. तू ये." (तुझ्या काकांचा फोटो खाली काढताहेत.)

तो फोटो म्हणजे फ्रेम करून भिंतीवर लावलेलं मुंबई बंदराचं जुनं, छापील कार्ड. धक्का, एक बोट आणि दोरखंडापाशी उभा असलेला तरुण. त्याचा चेहरा तांदळाच्या दाण्याएवढा. "तो मी," असं काका आयुष्यभर सांगत. लग्नाआधी ते गोदीत कामाला होते; वडील वारले आणि ते गावी परतले. आता काकांना जाऊन वर्ष होत आलं होतं आणि घराचं रंगकाम काढलं होतं.

"ताई, हे कार्ड इंग्रजांच्या वेळचं आहे," मावसभाऊ सुभाष म्हणाला; वडिलांना तो आबा म्हणे. "आबा तेव्हा शाळेतही जात नसतील. उगाच थाप मारायचे."

मावशी माझ्याकडे वळली. "कोणाले तरी दखाड. खोटं निघनं तं मीच काढसू." (कोणाला तरी दाखव. खोटं निघालं तर मीच काढेन.)

सकाळी फ्रेम मांडीवर घेऊन जळगावची बस धरली. एरंडोलच्या अलीकडे कापसाचा ट्रॅक्टर आडवा आला, ड्रायव्हरने करकचून ब्रेक दाबला आणि फ्रेमची काच तडकली. मावशीला काय सांगू, या विचाराने पुढचा रस्ता मला दिसलाच नाही.

जळगावला सोनवणे सरांकडे गेले. ते चित्रकलेचे निवृत्त शिक्षक, जुनी कार्डं जमवतात. त्यांनी काच अलगद उचलून कार्ड बाहेर काढलं. इतक्या वर्षांत त्याची मागची बाजू कोणी पाहिलीच नव्हती. तिथे दुकानदाराचा जांभळा, पुसट शिक्का होता: किंमत, आणि पुढे 'नये पैसे'.

"म्हणजे विकलं गेलं ते स्वातंत्र्यानंतर. नये पैसे सत्तावन्न साली आले आणि काही वर्षंच चालले," सर म्हणाले. "पण फोटो त्याआधीचाही असू शकतो."

मग त्यांनी भिंग बोटीवर धरलं. ते इकडून तिकडे सरकवलं. शेवटी भिंग माझ्याकडे दिलं. बोटीच्या टोकाला निशाण होतं. तीन आडवे पट्टे, मधला पांढरा, त्यात एक ठिपका.

"तिरंगा," मी म्हणाले.

"तुमचे काका गोदीत कधी होते?"

"लग्नाच्या आधी. नये पैसे तेव्हा नवेच होते, असं मावशी सांगते."

"मग साल जुळतं. माणूस तोच का, ते मात्र मी सांगू शकत नाही."

जाताना त्यांनी भिंग सोबत दिलं.

संध्याकाळी पारोळ्याला मावशीने कळण्याच्या भाकरी (ज्वारी-उडदाच्या) थापल्या होत्या. मी आधी काचेचं सांगितलं, मग निशाणाचं. तिने हात पुसले, भिंग घेतलं आणि दिव्याखाली बसली. सुभाष दाराशी उभा होता.

"याना केस देख, कितला दाट शेतस!" ती म्हणाली. "माले ते बठ्ठं टक्कलच भेटनं!" (याचे केस बघ, किती दाट आहेत! मला तर सगळं टक्कलच मिळालं!) ती हसायला लागली, आणि हसता हसता पदर डोळ्यांना लावला. सुभाषने तिच्या हातातून भिंग घेतलं. पुष्कळ वेळ तो वाकून पाहत राहिला.

दुसऱ्या दिवशी तो मला स्टँडवर सोडायला आला. धुळ्याची बस लागली, मी खिडकीशी बसले, तरी तो जाईना.

"ताई," खाली उभ्यानेच त्याने विचारलं, "आबा बंदरात नेमकं काय काम करायचे गं? तुला कधी बोलले होते?"

मी आठवून पाहिलं. काका तिथे होते की नव्हते, यावर आम्ही घरभर वाद घातले होते. तिथे त्यांचे दिवस कसे गेले, हे मात्र आमच्यापैकी एकानेही विचारलं नव्हतं.

"नाही रे," मी म्हणाले. बस निघाली.