प्रगतिपुस्तकावरच्या दोन सह्या

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि ती आता नाही. दरवर्षी म्हणायचो, वाडीतली सुपारी उतरवून होऊ दे, मग बोलू. अशी अकरा वर्षं गेली.

माझी मुलगी माधवी थळच्या बंदरावर होड्यांची इंजिनं दुरुस्त करते. मी शेजारी स्टुलावर बसतो, मागेल तो पाना देतो. ती तीन इंजिनं एकदम उघडते, चहा विसरते, स्वतःशी गुणगुणते. येणारेजाणारे कोळी चिडवतात, "मास्तर, पोरीनं इंजिनाची नाडी धरली हाय, आता जेवायची न्हाय!" ती सुखात आहे. मीही आहे — म्हणूनच का हे सांगणं अवघड होत गेलं?

आमच्याकडे तीन पिढ्या शिक्षक. मी मुख्याध्यापक. माधवीनं काय व्हायचं, हे ती पाळण्यात असतानाच ठरलेलं. झालीही शिक्षिका. वह्या हरवायच्या, तास चुकायचे, घरी येऊन रडायची. शेवटी स्वतःहून मुंबईच्या एका डॉक्टरांकडे गेली. त्यांना एडीएचडीची — लक्ष न टिकण्याच्या विकाराची — शंका होती. पण ते लहानपणापासून असावं लागतं, म्हणून त्यांनी पालकांना बोलावलं. मी गेलो.

लहानपणी लक्ष लागायचं का? वस्तू हरवायची का? जागेवर बसायची का? माधवी शेजारच्या खुर्चीत — माझ्याकडे बघत. आणि मी काय म्हणालो?

"छे हो! अगदी शांत, अभ्यासू मुलगी. हल्लीच जरा आळस आलाय."

मांडव्याला परतताना लाँचमध्ये तिनं एवढंच विचारलं, "अण्णा, म्हणजे मी आळशीच ना?" मी पाण्याकडे बघत राहिलो.

चौथीत ती माझ्याच वर्गात होती. तिचं प्रगतिपुस्तक माझ्या कपाटात आहे. दोन्ही सत्रांना एकच शेरा — 'हुशार. लक्ष नाही. जागेवर बसत नाही.' अक्षर माझं. खाली सह्या दोन, वर्गशिक्षकाची आणि पालकाची — दोन्ही माझ्या.

मास्तरांच्या मुलीला असं काही आहे, हे गावात कुणी म्हणू नये — एवढ्यासाठी मी खोटं बोललो. पुढची पाच वर्षं तिनं स्वतःला आळशी म्हणत काढली. मग दुसऱ्या डॉक्टरांकडे ती आईला घेऊन गेली. हिनं सगळं खरं सांगितलं. उपचार सुरू झाले, नोकरी माधवीनं सोडली. भाच्याच्या लग्नात कुणीतरी विचारलं, तर भर पंगतीत म्हणाली, "मला एडीएचडी आहे आणि मी मेकॅनिक आहे. जिलबी वाढा." मी ताटात बघत हसलो.

तिचा माझ्यावर राग नाही. ती म्हणते, "अण्णांनी इतकी मुलं शिकवली, त्यांना माझं कुठलं आठवायला?"

गेल्या सोमवारी ते प्रगतिपुस्तक पिशवीत घालून बंदरावर गेलो. "माधवी —" म्हणालो. इंजिनात डोकं घालूनच ती म्हणाली, "अण्णा, तेरा नंबर द्या." मी पाना दिला. पिशवी तशीच घरी आणली.

वाक्य तयार होतं — माधवी, मला सगळं आठवत होतं. माझं चुकलं.