कीटोच्या मावशी

मावशींवर लिहिणारा मी कोण, हा प्रश्न हे लिहितानाही सुटलेला नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. लिहिणं म्हणजे परीक्षेतलं, एवढंच मला ठाऊक. मावशींना माझ्यापेक्षा जवळून ओळखणारे पुष्कळ आहेत. चुकलंमाकलं त्यांनी सांभाळून घ्यावं.

मावशी एका जागी टिकत नसत. नव्वदच्या दशकात त्या न्यू जर्सीत, वेस्ट विंडसरला राहायच्या आणि एका आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढायच्या. मी जवळच शिकत होतो. जयंतीच्या कार्यक्रमात ओळख झाली. मी जयभीम म्हणालो तेव्हा त्या चालत होत्या. उत्तर ऐकायला मला मागे जावं लागलं. जेवायच्याही ताट हातात घेऊन, खिडकीपाशी फेऱ्या घालत. "बसलं की पाय चालणं विसरतात," म्हणायच्या.

त्यांच्या ऑफिसकडे इक्वेडोरच्या राजधानीतल्या, कीटोमधल्या, एका जुन्या चर्चच्या दुरुस्तीचं काम आलं होतं. भूकंपानं तडे गेलेल्या त्या चर्चचा दगड न् दगड मावशींनी शाईनं कागदावर काढला. प्रत्यक्ष पाहिला नाही एकही. काम संपलं, पण त्यांच्या डोक्यातून कीटो जाईना. जुन्या कीटोत पायी फिरायचं आणि आपल्या माणसांना फिरवायचं, असं त्यांनी ठरवून टाकलं.

त्याची तालीम रविवारी शॉपिंग सेंटरच्या पार्किंग लॉटमध्ये चाले. पार्किंग लॉट म्हणजे चौक, किराणा दुकान म्हणजे चर्च. आम्ही चारपाच जण मागे. एकदा सिक्युरिटीवाल्यानं अडवून विचारलं, काय शोधताय? मावशींनी शांतपणे सांगितलं, "चर्च बघतोय." त्यानं दुकानाकडे पाहिलं, मग आमच्याकडे, आणि बिचारा वाट सोडून उभा राहिला.

दुकानाच्या दाराशी आलो की मी सवयीनं आत वळे. मावशी बाही धरून मागे ओढायच्या. "आधी भोवती फिरायचं. माझ्या आईनं गावचं देऊळ जन्मभर बाहेरूनच पाहिलं. आत कोण घेणार? पण कुठला दगड आपल्या आज्यानं वाहून आणला, ते तिला ठाऊक होतं. कीटोतही दगड वाहणारे तिथलेच गरीब लोक. त्यांना भेटायचं आधी, मग देवाला."

आमच्या त्या चारपाच जणांतले कुलकर्णीकाका त्यांची फिरकी घेत. "ताई, कीटोत पोहे मिळतात का?"

"मिळत नाहीत. म्हणूनच नेतेय तुम्हाला."

पण दर वर्षी ख्रिसमसची सुट्टी आली की कुणाची प्रोजेक्टची डेडलाइन, कुणाचे सासूसासरे. काकांनी तर दोनदा तिकीट कॅन्सल केलं. आणि खरी अडचण मावशींचीच होती. त्यांची ग्रीन कार्डची फाइल अडकलेली. वकिलानं बजावलं होतं, परवानगीचा कागद हातात आल्याशिवाय देश सोडाल तर फाइल बंद, परत येणं अवघड. कागद काही येत नव्हता. गुडघे मात्र दुखायला लागले होते, आणि कीटो म्हणजे उंच डोंगरावरचं, चढउतारांचं गाव.

"मावशी, इतकी वर्षं काढलीत. थोडं थांबा ना," मी म्हणालो.

"मी थांबेन रे. गुडघ्यांना कोण सांगणार?"

त्या पार्किंग लॉटच्या कडेनं चालत राहिल्या, मी शेजारून. परतताना त्या नेहमीपेक्षा भरभर चालत होत्या.

मग नोकरी लागून मी कॅलिफोर्नियात, सनीव्हेलला गेलो. मावशींना फोन करायचा, करायचा म्हणताना महिने गेले. केला तेव्हा नंबर बंद होता. शेवटी कुलकर्णीकाकांना लावला.

"अरे, तुला कळलं नाही? ताई गेल्या कीटोला. एकट्याच. वकिलालासुद्धा सांगितलं नाही."

"आणि फाइल?"

"बंद. इकडे येता येत नाही आता. तिथूनच नागपूरला गेल्या, भावाकडे. परवा फोन आला होता."

"काय म्हणाल्या?"

"विचारत होत्या, पुढच्या ख्रिसमसला कीटोला कोण कोण येतंय. नागपूरहून लांब पडतं, म्हणाल्या, आधी कळवा."