टिकारामचा लाल टॅग

टिकाराम गजभिये भिलाईच्या पोलाद कारखान्यात, रोलिंग मिलमध्ये इलेक्ट्रिशियन होता. घरी तो काय होता, हे सांगणं जरा अवघड आहे. त्याची बायको रत्नमाला म्हणायची, "घरी ते आठ वर्साचे असतात. कधी कधी नऊचे."

याला कारण होतं लोखंडी कपाटाच्या डोक्यावर मांडलेलं त्याचं सामान. टीव्हीला जोडायची जुनी खेळयंत्रं, फिरवायची बटणं निखळलेले डबे, पडद्यावर पावसासारख्या रेघा दाखवणारे हातातले खेळ. वर्ष होतं १९९८. सेक्टरमधल्या साहेबांच्या घरी कॉम्प्युटर येऊ लागले होते आणि पोरांना रंगीत, उड्या मारणारे खेळ हवे होते. त्यांनी टाकून दिलेले खेळ सुपेल्याच्या ओमप्रकाश मेकॅनिकच्या दुकानात येऊन पडत. तिथून ते टिकारामच्या स्कूटरवर बसत. ओमप्रकाश त्याला लांबून पाहिलं की ओरडायचा, "आओ काका, आज एक लाश आयी है!" टिकाराम ती लाश घरी आणून उघडायचा, फुंकर घालायचा, डाग द्यायचा. बऱ्याचदा ती उठून बसायची.

पण या सगळ्यांचा राजा एकच. त्याचं नाव 'रशियन'.

चौदा वर्षांपूर्वी एक रशियन इंजिनिअर मायदेशी परत जाताना घरातलं सामान विकत होता. टिकाराम आणि त्याचा दोस्त, क्रेन ऑपरेटर बाबाराव रामटेके, दोघं खुर्च्या बघायला गेले आणि अर्धे अर्धे पैसे घालून एक काळा डबा घेऊन आले. त्याला एक गोल खुंटी होती. ती फिरवली की पडद्याच्या तळाशी एक दांडी सरकायची, तिच्यावर चेंडू आपटायचा आणि वरच्या विटा फुटायच्या. बस, एवढंच. पहिल्याच आठवड्यात रत्नमालानं डब्यावरची धूळ पुसताना पाठीमागचं वाचून सांगितलं होतं, "अहो, हे हाँगकाँगचं आहे." दोघांनी तिच्याकडे असं पाहिलं, जसं लग्नात कोणी नवरीचं वय विचारावं. डबा रशियनच राहिला.

रशियनला स्मरण नव्हतं. खेळ संपला की आकडा पडद्यावर थांबायचा. वीज बंद केली की गेला, जणू कोणी खेळलंच नव्हतं. सुरुवातीला डबा पाळीपाळीनं दोघांच्या घरी असायचा, त्यामुळे बाबाराव मिलमध्ये येऊन सांगायचा, "काल नऊशे केले." दुसऱ्या दिवशी टिकाराम हजार सांगायचा. शेवटी नियम ठरला. आकडा दुसऱ्यानं डोळ्यांनी पाहिला तरच खरा. आणि आणखी एक नियम त्याच दिवशी ठरला, तेव्हा कोणालाच त्याचं ओझं वाटलं नाही. दोघांपैकी एक जण ज्या दिवशी भिलाई सोडेल, त्या दिवशी ज्याचा आकडा मोठा, रशियन त्याचा.

आकडा मोठा बाबारावचा होता. सातशे एक्केचाळीस. टिकारामनं तो स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता आणि त्या दिवशी नीट जेवला नव्हता. त्याच्या स्वतःच्या हाताला सातशे कधी लागलेच नाहीत.

आता बाबाराव रिटायर झाला होता. रविवारी संध्याकाळच्या गाडीनं तो आणि त्याची बायको शेवंता कायमचे आपल्या गावी, पवनीला जाणार होते. दुपारचं जेवण टिकारामकडे ठरलं. जेवण झालं की डबा बाबारावच्या पेटीत जाणार. बाबारावनं रत्नमालाला आधीच सांगून ठेवलं होतं, "वहिनी, तुमची सुटका करून जातो." रत्नमालानं टीव्हीजवळच्या डब्याच्या जागेचं माप घेऊन ठेवलं होतं. तिचं शिवणयंत्र तिथं बरोबर बसत होतं.

तीनच आठवड्यांपूर्वी टिकाराम कारखान्याचं क्वार्टर सोडून रिसालीला स्वतःच्या घरात आला होता. भिंतींना अजून ओल्या चुन्याचा वास होता. रत्नमालानं येताना दोन कंदील आणले, तेव्हा तो हसला होता.

"हे कायले?"

"शेजारच्या कांताबाई म्हनत होत्या, इकडे लाईट जाते."

"लाईट कायले जाईन? भिलाई आहे हे."

"हे रिसाली आहे, शालूचे बाबा. क्वार्टर नाई."

शालू म्हणजे त्यांची मुलगी, दुर्गला मोहन नगरात दिलेली. टिकारामनं मान हलवली. जन्मभर क्वार्टरमध्ये, कारखान्याच्या विजेवर राहिलेल्या माणसाला वीज ही हवेसारखी वाटते. ती असतेच. नळाचं पाणी जातं, पगार उशिरा होतो, माणसं मरतात. लाईट जात नाही.

रविवारी सकाळी तो आंघोळ न करताच रशियनपुढे बसला. रत्नमाला स्वयंपाकघरातून वांग्याच्या भाजीच्या धुरातून ओरडत होती, "पावने येतीन, धोतर तरी बदला!" खोलीत नुसता टक, टक आवाज. मग आवाज थांबला. बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही म्हणून ती हातातला झारा घेऊन बाहेर आली. टिकाराम उभा होता. पडद्यावर आकडा थांबला होता.

सातशे अडुसष्ट.

"हात लावू नको," तो म्हणाला. ती चार हात लांब होती.

मग त्यानं जे केलं ते मिलमधल्या इलेक्ट्रिशियननंच करावं. कपाटातून लाल पत्र्याचा एक टॅग काढला. मिलमध्ये मशीनवर काम करायला उतरण्याआधी इलेक्ट्रिशियन वीज तोडतो आणि असा टॅग स्विचवर टांगतो. त्यावर त्याचं नाव असतं. ज्यानं टांगला त्यानंच तो काढायचा. जनरल मॅनेजर आला तरी दुसऱ्यानं हात लावायचा नाही, कारण स्विचच्या पलीकडे एक माणूस असतो. हा टॅग झिजून बाद झालेला होता, म्हणून टिकाराम तो घरी घेऊन आला होता. त्यानं तो टीव्हीच्या स्विचवर दोऱ्यानं टांगला. वीज तोडण्यासाठीचा टॅग वीज चालू राहावी म्हणून. पण भाव तोच होता. पलीकडे माणूस होता.

"म्या बाबारावभाऊले घेऊन येतो," म्हणत त्यानं स्कूटरला लाथ मारली. धोतर तेच होतं.

रत्नमाला खोलीत एकटी राहिली. पांढरे आकडे काळ्या काचेवर उभे होते. तिनं शिवणयंत्राच्या जागेकडे पाहिलं, मग आकड्याकडे. हा आकडा राहिला, तर डबा राहणार. ती पोळ्या करायला आत गेली.

तिसरी पोळी तव्यावर असताना पंखा थांबला.

टिकाराम बाबाराव आणि शेवंताला घेऊन आला तो दारातूनच ओरडत. "या भाऊ! चप्पल नंतर काढजा! पहिले पाहा!"

बाबारावनं पाहिलं. काळा पडदा. त्यात त्याचं स्वतःचं टक्कल दिसत होतं.

टिकारामनं आधी स्विच पाहिला. टॅग जागेवर. टॅगखालचं बटण चालूच. मग वर पाहिलं. पंख्याची पाती स्तब्ध.

"म्या हात नाई लावला," रत्नमाला आतून म्हणाली. "लाईट गेली."

"कुठे गेली?" टिकारामनं विचारलं. खरंच विचारलं.

"मले सांगून नाई गेली."

बाबाराव खाटेवर बसला. "किती होते?"

"सातशे अडुसष्ट."

"वा!" बाबाराव म्हणाला. "मायेही काल बाराशे झाले होते. गॅसबत्तीच्या उजेडात."

"भाऊ, आईची शपथ."

"नियम कोनं केला होता? तूनंच ना? डोळ्यानं पाह्यल्याशिवाय नाई." त्याचा आवाज चिडवणारा होता, पण पेटी त्यानं रिकामी आणली होती आणि ती दाराशी उघडी होती. शेवंता कुजबुजली, "द्या ना राहू इथीच. पवनीत टीव्ही कुठे आहे आपल्याकडे?" बाबारावनं तिच्याकडे पाहिलंही नाही.

 टिकाराम डब्याची वायर गुंडाळू लागला. हळूहळू, जशी आजारी माणसाची उशी नीट करावी तशी. बाबासाहेबांच्या तसबिरीखाली तो गुडघ्यावर बसला होता आणि त्याचं धोतर अजून मळकं होतं.

"सातशे अडुसष्टच होते," रत्नमाला म्हणाली. ती दारात उभी होती. हाताला पीठ होतं.

बाबारावनं वर पाहिलं. "वहिनी, यानं शिकवून ठेवलं का तुमाले?"

"त्यांनी शिकवलं असतं तं म्या हजार सांगतले असते."

"पन तुमाले तं हे घरातून काढाचं होतं ना? मापबी घेतलं होतं म्हने."

"घेतलं होतं. आताबी काढाचं आहे." तिनं हात झटकले. "पन म्या पाह्यलं ते पाह्यलं. चला, पोया थंड होऊन राहिल्या."

 बाबाराव उठला, पेटी बंद केली आणि टिकारामच्या पाठीत एक चापट मारली. "काढ तो टॅग. काम झालं. मानलं."

टिकारामनं टॅग काढला.  जेवताना दोघांनी वांग्याची भाजी दोनदा मागून घेतली. निघताना बाबारावनं रशियनची खुंटी एकदा फिरवून पाहिली. पडदा काळाच होता. मग तो "जय भीम वहिनी" म्हणाला आणि रिकामी पेटी उचलून गेला. ती भरलेली असल्यासारखी त्याच्या खांद्याला ओढत होती.

स्टेशनवरून परतल्यावर टिकारामनं बायकोला विचारलं, "कावून सांगतलं?"

"नाई तं तुमी जन्मभर त्या रिकाम्या भिताडाकडे पाहत बसले असते. त्याच्यापेक्षा मशीन बरी. तिच्यावरची धूळ तरी पुसता येते."

दुसऱ्या दिवशी टिकाराम पहिल्या पाळीवरून आला. हात धुतले, चहा घेतला आणि रशियनपुढे जाऊन बसला. आता त्याला आठशे करायचे होते. ते पाहायला कोण येणार, हे त्यानं ठरवलं नव्हतं. त्यानं स्विचकडे हात नेला आणि तो तसाच राहिला.

स्विचवर लाल टॅग टांगला होता. त्याचंच नाव होतं, पण त्यावर खडूनं रेघ मारून खाली लिहिलं होतं, रत्नमाला.

"शालूची आई!" त्यानं हाक मारली. घर रिकामं होतं. शेजारच्या कांताबाईंनी कुंपणावरून सांगितलं, "त्या मोहन नगरले गेल्या, पोरीकडे. संध्याकाळी येतीन म्हनल्या."

टिकारामनं इतक्या वर्षांच्या नोकरीत दुसऱ्याचा टॅग कधी काढला नव्हता. तो खुर्चीत बसून राहिला, हात मांडीवर ठेवून, काळ्या पडद्यातल्या स्वतःकडे पाहत. डोक्यावर पंखा गरगरत होता. त्या दिवशी लाईट एकदाही गेली नाही.