विम्यात गेलेली हत्यारं

माझी लेक पियानो दुरुस्त करते. असं सांगितलं की लोक आधी विचारतात, वाजवते का? वाजवत नाही. लहानपणी शिकवणी लावली होती, पण पट्ट्या दाबण्यापेक्षा झाकण उघडून आत काय हलतंय ते बघण्यात तिला रस. तिचे बाबा तिला मिस्त्रीणबाई म्हणायचे. घरात तेच नाव राहिलं.

कॉलेज झाल्यावर ती वाद्यांच्या एका दुकानात लागली, तिथल्या म्हाताऱ्या कारागिराच्या हाताखाली तयार झाली, आणि दुकान बंद पडल्यावर तिने स्वतःचं काम सुरू केलं. हत्यारं एका कातडी गुंडाळीत मावतील एवढीच: तारांच्या खुंट्या पिळायचा लांब पाना, शेजारच्या तारा गप्प करायच्या रबरी पाचरी, आतल्या हातोड्यांवरचा लोकरीचा नमदा मऊ करायच्या सुया, चिमटे. पान्याची लाकडी मूठ तिच्या बाबांनी बसून घासली होती, तिच्या तळहाताच्या मापाची. ते आता नाहीत.

हत्यारांचा विमा काढ म्हणून मी तिच्या मागे लागले होते. घराच्या विम्यात कामाचं सामान येत नाही, हे मीच बारीक अक्षरं वाचून शोधून काढलं. ती हसायची. "आई, चोराला हे काय आहे तेच कळणार नाही." मग शाळा विम्याचं पत्र मागायला लागल्या. पत्र नाही तर सभागृहात पाऊल नाही, आणि शाळा म्हणजे तिचं निम्म्याहून जास्त काम. तेव्हा कुठे मिस्त्रीणबाईंनी विमा काढला.

त्यानंतरच्या हिवाळ्यात गुंडाळी गेली. एका शाळेतून निघून ती वाटेत एका किराणा दुकानात थांबली होती. बाहेर आली तर गाडीचं मागचं दार अर्धवट उघडं, कुलूप मोडलेलं. मोठी पिशवी होती, गुंडाळी नव्हती. शाळेत फोन केला; तिथल्या संगीताच्या सरांनी स्टुलाखाली, पडद्यामागे, सगळीकडे पाहिलं. मग पोलिसात तक्रार, कंपनीकडे दावा. पैसे मिळाले, नवी हत्यारं आली. मी येईल त्या प्रत्येकाला सांगत होते, बघा, विमा होता म्हणून निभावलं.

सहा महिन्यांनी ती त्याच शाळेत पुन्हा सूर लावायला गेली. पायाने दाबायचा खटका कुरकुरत होता म्हणून तिने पियानोची खालची फळी काढली. आत, तळावर, गुंडाळी. तेव्हा तिला आठवलं. मागच्या खेपेलाही तोच खटका कुरकुरत होता. सभागृहाची फरशी पुसणं चाललं होतं, कातडं भिजू नये म्हणून तिने गुंडाळी हाताशी आतच ठेवली, आणि काम संपल्यावर फळी लावून टाकली. गाडीचं कुलूप आपलं आपणच मोडलं होतं, चोर आलाच नव्हता.

संध्याकाळी गुंडाळी घेऊन ती सरळ माझ्याकडे आली. मला आधी आनंद झाला, मग दाव्याचे पैसे आठवले. कंपनीला उद्या सांगते, म्हणाली. मी म्हटलं, कुणी पाहिलं का? नाही. मग? खोटा दावा केला असं धरतील, विमा रद्द करतील, शाळांची कामं सुटतील, वर पोलीस दारात. जावई म्हणाले, आईंचं अगदीच चूक नाही, निदान आधी कुणा वकिलाला विचारू.

"पोलिसांना सांगितलंस चोरी झाली," मी म्हटलं. "आता सांगणार, पियानोच्या पोटात होतं? हसतील तरी नाहीतर आत टाकतील."

"हसू देत की. मी लोकांच्या घरात एकटी काम करते, आई. कपाटं उघडी टाकून जातात माणसं."

मी चहा टाकला आणि साखर दोनदा घातली.

सकाळी माझ्यासमोरच तिने कंपनीतल्या बाईंना फोन लावला. बाईंनी दाव्याचा नंबर दोनदा विचारला. मग म्हणाल्या, मिळालेलं सामान कुणी सांगत नाही हो, मलाच वरच्यांना विचारावं लागेल. ते तीन दिवस मला अन्न गोड लागलं नाही. लेक मात्र रोज कामावर जात होती, आणि शाळेतल्या सरांनाही तिने स्वतःच सांगून टाकलं होतं. सर म्हणे, पोरांना वाटत होतं पियानोच्या पोटात दुखतंय.

उत्तर आलं. दावा खोटा धरलेला नव्हता, विमा चालू राहील, हप्ता थोडा वाढेल. पोलिसांना कळवायचं कामही त्यांनीच अंगावर घेतलं. पण एक होतं: त्या हत्यारांचे पूर्ण पैसे दिलेले असल्यामुळे ती आता कंपनीची. एकतर पैसे परत करा, नाहीतर हत्यारं पाठवा.

पैसे तर नव्या हत्यारांत गेलेले. मी म्हटलं, मी भरते, जुनी ठेवून घे. ती नको म्हणाली. नव्या पान्यावर तिचा हात बसला होता, तो हलका आहे, मनगट दुखत नाही. दोन-दोन संच ठेवून त्यांचं करायचं काय?

"अगं, बाबांची मूठ आहे ती."

"आहे ना. पण तिचे पैसे आपण घेतलेत, आई."

तिने प्रत्येक हत्यार पुसलं, लोखंडाला तेल लावलं, पाचरी धुऊन वाळवल्या. मी म्हटलं, भंगारात जाणारं कशाला एवढं चकचकीत? तर म्हणाली, दुसऱ्याचं सामान देताना मी असंच देते. न्यायला माणूस आला तेव्हा पट्टा मीच आवळला, जरा जास्तच घट्ट. त्याने विचारलं, आत काय आहे? लेक म्हणाली, पाने.

विम्याचं नवं पत्र गेल्या आठवड्यात आलं. एक प्रत तिने शाळेत दिली, एक माझ्या कपाटात आहे. कंपनी असलं सामान साठलं की एकदम विकते म्हणे. मला अजून वाटतं, कंपनीतल्या बाईंना विनंती करून निदान मूठ तरी काढून घ्यायला हवी होती. त्या देणार नव्हत्या असं नाही. आज लेकीला तसं म्हणाले, तर ती म्हणाली, तेवढं एक मागितलं असतं तर बाकीचं परत देण्यात काय राहिलं असतं? पण मला विचाराल, तर मी मागितली असती.